बारशाला सांगितलेलं बाळंतपण

आमच्या घरात कुठलाही प्रसंग मी सांगितल्याशिवाय संपत नाही. लग्न लागतं, पंगती उठतात, पाहुणे चपला शोधायला लागतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘आता हिला सांगू द्या.’ मग मी सांगते. ऐकणाऱ्यांतले निम्मे त्या प्रसंगाला स्वतः हजर असतात, तरी त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं असतं. माझ्या सांगण्यात ते आहेत त्यापेक्षा जरा जास्त वेंधळे आणि जरा जास्त देखणे असतात, हे त्याचं कारण. माझा नवरा म्हणतो, हिचं बोलणं पेणच्या पापडासारखं, तळलं की दुप्पट. पन्नाशी उलटली तरी हा मान माझ्याकडून कुणी काढून घेतलेला नाही, आणि मीही तो मिरवायचं सोडलेलं नाही.

अशा बाईने डूला व्हावं, म्हणजे दुधाची राखण बोक्याकडे द्यावी त्यातला प्रकार.

डूला म्हणजे काय, हे मला पेणमध्ये अजूनही महिन्यातून दोनदा सांगावं लागतं. ‘म्हणजे सुईणच ना?’ असं विचारतात. सुईण नाही. मी बाळाला हात लावत नाही, नाळ कापत नाही, तपासत नाही, औषध देत नाही. ते डॉक्टर आणि नर्स करतात. मी बाळंतिणीजवळ असते, एवढंच. कळ आली की तिची कंबर दोन्ही तळव्यांनी आतल्या बाजूला दाबून धरते. कळ गेली की घोटभर पाणी पाजते. डॉक्टरबाई घाईत काही बोलून गेल्या की त्याचा अर्थ सांगते. चालवते, बसवते, ओढणी कमरेभोवती घालून हलकेच झुलवते. नवऱ्याला कुठे उभं राहायचं, काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, ते शिकवते. आणि दार सांभाळते. तिला जे आत नको असतील ते आत येणार नाहीत, हे माझं काम. मुलगा नोकरीला लागून घर मोकळं झालं तेव्हा मी हे शिकले. आधी ऑनलाइन, मग पुण्याला जाऊन प्रत्यक्ष. आमच्या शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ‘कळा देताना बाई काहीही बोलते. तिला बोलू द्या. तोंड मोकळं तर अंग मोकळं. आणि जे ऐकाल ते त्या खोलीतच ठेवून घरी जा.’ मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघाही मारल्या.

तीन वर्षांत तेवीस बाळंतपणं केली आणि एकातलाही चकार शब्द बाहेर काढला नाही. मला स्वतःचंच नवल वाटायचं. चोविसावं बाळंतपण माझ्या सख्ख्या भाचीचं.

हे लिहायच्या आधी मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, ‘लिही. पण ते वाक्य लिहायचं नाही. आणि स्वतःला फार गोड दाखवू नकोस.’ पहिली अट मी पाळते आहे. दुसरीसाठी मला विशेष कष्ट पडणार नाहीत.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिचं सासर वरशाला, रोह्याला लागूनच. धाटावच्या एका कंपनीत ती लॅबमध्ये आहे. नोकरी तिने हट्टाने मिळवलेली. सहा जणांत एकटी मुलगी. ती नोकरी बाळंतपणानंतर टिकेल की नाही, ही काळजी तिला मुलगा होईल की मुलगी याच्यापेक्षा जास्त होती. त्यावरचं उत्तर तिच्या सासूबाईंनीच दिलं होतं. या बाई मूळच्या धरमतरच्या खाडीकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. लग्न होऊन वरशाला आल्या आणि जन्मभर अंगणवाडीत मदतनीस राहिल्या. वरशातलं वीस वर्षांखालचं कुठलंही पोर धरा, ते कधी ना कधी त्यांच्या कडेवर बसलेलं असतं. डोहाळजेवणाला, सगळ्यांसमोर, त्यांनी भाचीला सांगितलं होतं, ‘सहा महिने झाले का जा तू कामावर. पोर माझ्याकडं. नोकरी सोडायची नाय.’ माझी बहीण रडली होती. मीही रडले असते, पण मी तेव्हा हा प्रसंग पुढे कसा सांगायचा त्याची जुळवाजुळव करत होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात भाची पेणला आली. तेव्हाच तिने मला नीट बसवून सांगितलं, ‘मावशी, आत तू आणि तो. बाकी कुणी नाही. आई नाही, सासूबाई नाहीत. मला कुणाच्या देखत ओरडायचं नाहीये.’

‘माझ्या देखत?’

‘तू माझी मावशी म्हणून येणार नाहीयेस. डूला म्हणून येणार आहेस.’

माय मरो आणि मावशी जगो, असं आपल्याकडे म्हणतात. या पोरीने मावशीलाही घरी ठेवायला सांगितलं होतं. मी हो म्हटलं. मनातून जरा लागलं, पण अभिमानही वाटला.

कळा सकाळी सातला सुरू झाल्या. नऊच्या सुमारास आम्ही दवाखान्यात होतो. साडेनऊला जावई रोह्याहून येऊन पोचला आणि त्याच्या मागोमाग सासूबाई. त्यांच्या हातात मोठी कापडी पिशवी होती. तीत जुन्या सुती लुगड्यांची धुऊन मऊ केलेली दुपटी, ओव्याची पुरचुंडी, बाळंतशोपा आणि एक थर्मास. त्या थेट खोलीच्या दाराशी आल्या आणि आत पाऊल टाकणार तोच मी आडवी झाले. हे मी बऱ्याच सासवांना आणि त्याहून जास्त आयांना केलेलं आहे. त्याची माझी एक पद्धत आहे. हात जोडायचे, आवाज खाली आणायचा, आणि अडवल्यासारखं न वाटता अडवायचं.

‘विहीणबाई, राग मानू नका,’ मी म्हटलं. ‘आत ती काय बोलेल, कशी ओरडेल, तिचं तिला भान नसणार. उद्या तिला तुमच्याकडे बघायला अवघड नको आणि तुम्हाला तिच्याकडे. आतलं आतच राहू दे. मी आहे ना.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून आत, जिथे भाची खिडकीच्या गजांना धरून उभी होती. मग म्हणाल्या, ‘बरं. आतलं आत.’

आणि समोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. बहीण मध्ये घरी जाऊन जेवून आली, देवाला जाऊन आली, परत एकदा घरी जाऊन आली. सासूबाई हलल्या नाहीत. मी पाणी आणायला, नर्सला बोलवायला दहा वेळा बाहेर गेले असेन. दहाही वेळा त्या तशाच बसलेल्या. एकदाही ‘काय झालं’ म्हणून विचारलं नाही. फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या आणि त्यावरून काय ते समजून घ्यायच्या.

आतलं बाळंतपण तसं चांगलं चाललं होतं, चांगलं म्हणजे लांबलं तरी सरळ. पहिले तीन तास भाची चालली. दोन कळांच्या मध्ये ती मला लॅबमधल्या गमती सांगत होती. बारानंतर गमती बंद झाल्या. एकनंतर तिला मी सोडून कुणाचाच हात नको झाला, आणि दोननंतर माझाही नको झाला, पण काढला तर ओरडायची. जावई बिचारा शहाणा. सांगितलं तिथे उभा, सांगितलं तेवढंच बोलत होता. फक्त सलाइनची सुई टोचताना त्याने ती बघितली आणि भिंतीला टेकून हळूहळू, जिना उतरावा तसा खाली गेला. नर्सने भाचीचं सोडून त्याचं ब्लडप्रेशर बघितलं. मी त्याला साखरपाणी दिलं. भाची दोन कळांच्या मध्ये म्हणाली, ‘याला माझ्या शेजारी झोपवा, दोघांचं एकदमच होऊ दे.’

चारच्या पुढे ती वेळ आली जी प्रत्येकीला येते. सगळ्यात कठीण तासाभराची. तेव्हा बाई म्हणते, मला घरी जायचंय, मला जमणार नाही, मी मरणार. कुणी देवाला शिव्या देते, कुणी नवऱ्याला. भाचीने माझ्या गळ्यात हात टाकले, सगळा भार माझ्यावर दिला आणि माझ्या कानात सासूबाईंबद्दल एक वाक्य बोलली. मग तेच मोठ्याने. मग आणखी एकदा, थोडं वाढवून. ते वाक्य सासूबाईंच्या बोलण्याची नक्कल करत बोललेलं होतं, त्यात राग होता, लग्नानंतर दोन वर्षांत गिळलेलं काहीबाही होतं, आणि कबूल करते, ते भयंकर मजेदार होतं. मी तिची कंबर दाबत म्हणाले, ‘बोल, बोल, सगळं बोल.’ ती बोलली. आणि तिचं अंग सुटलं. खरंच सुटलं. सव्वापाचला मुलगी झाली, लालबुंद, रागावलेली, डोक्यावर भरपूर जावळ.

बाळाला गुंडाळून बाहेर नेलं तेव्हा सासूबाई उठून उभ्या राहिल्या. आठ तासांनी उठल्या म्हणून गुडघे धरले असणार, एक हात बाकाच्या पाठीवर होता. बाळाचा कान बघितला, बोटं बघितली. मला म्हणाल्या, ‘बाळंतीण जेवली का?’

इथे मी थांबले असते तर हे लिहावं लागलं नसतं.

बाराव्या दिवशी बारसं बहिणीच्या घरी. रोह्याहून दोन गाड्या भरून बायका आल्या होत्या. पाळणा झाला, कानात नाव सांगून झालं, पाठीत धपाटे बसले, आणि वाट्यांतून घुगऱ्या देऊन झाल्या. मग ती वेळ आली. जावयाच्या आत्या मला म्हणाल्या, ‘तू आत होतीस ना गो? सांग ना, कसं काय झालं? आमाला कुठं कोण आत घेतंय.’

माझ्या बहिणीने मागून पुरवणी जोडली, ‘हो हो, सांग. हिने सांगितल्याशिवाय मजा नाही.’

मी सुरुवात जावयाच्या चक्कर येण्यापासून केली. ते सांगायला हरकत नव्हती असं मला वाटलं. चक्कर काही त्या खोलीची गुप्त गोष्ट नव्हती. मी भिंतीला टेकून, जिना उतरावा तशी हळूहळू खाली बसून दाखवलं. तीस बायका हसल्या. जावई दाराशी उभा होता, तोही हसला. मग मी नर्सची नक्कल केली. आणखी हशा. आता सांगणाऱ्याचं एक असतं. हशा वाढत जायला हवा, तिसरा दुसऱ्यापेक्षा मोठा हवा. माझ्याजवळ तिसरा होता. माझ्याजवळ फार चांगला तिसरा होता.

मी ते वाक्य सांगितलं. भाचीच्या आवाजात, आणि त्यातली सासूबाईंची नक्कल सासूबाईंच्या आवाजात. नकलेची नक्कल, म्हणजे दुप्पट तळलेलं.

घर हसलं. एका बाईच्या हातातून घुगऱ्यांची वाटी सांडली. आत्याबाई डोळे पुसत सासूबाईंच्या मांडीवर थापट्या मारत म्हणाल्या, ‘ऐकलंस का गो, ऐकलंस का?’ आणि सासूबाईही हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसल्या. मी ते मुद्दाम बघून घेतलं आणि निर्धास्त झाले. भाची कोपऱ्यात बाळाला पाजत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती बाळाकडेच बघत राहिली. मला वाटलं, आईपण, दुसरं काय. इतकी मी हुशार.

घरी जाताना मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा, की बाळंतपणाची भीती अशी हसण्यातूनच जाते, आपण बायकांनी हे मोकळेपणी बोललं पाहिजे. तो म्हणाला, ‘ते बाळंतिणीने बोलायचं ना?’ मी त्याला म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही.

तिसऱ्या महिन्यात भाची बाळाला घेऊन वरशाला गेली. पाचवा महिना संपत आला तेव्हा बहिणीचा फोन आला. आवाज पडलेला.

‘ती नोकरी सोडते म्हणतेय.’

‘का? सासूबाई बघणार होत्या ना बाळाला?’

‘त्यांची कंबर दुखते म्हणे. उचलणं होत नाही. सगळं करतात, बाळंतिणीचं खाणंपिणं, शेक, धुरी, पण बाळाला मांडीवर घेत नाहीत. हिने विचारलं तर म्हणाल्या, माझ्याच्यानं नाय होणार, तुझं तू बघ.’

‘कधीपासून दुखते कंबर?’

बहिणीने दिवस मोजले. मग म्हणाली, ‘बारशापासून.’

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ भांडी घासली. घासलेलीही घासली. त्या वाक्याचा आवाज माझा मलाच परत ऐकू येत होता, आणि या वेळी त्यात हसण्यासारखं काही सापडत नव्हतं. कामावर हजर व्हायला सव्वीस दिवस राहिले होते. रोह्यात एक पाळणाघर होतं, पण त्यांच्याकडे वर्षाच्या आतलं मूल घेत नव्हते. बहिणीचे स्वतःचे सासरे अंथरुणाला, तिला हलता येत नव्हतं. भाचीने सहा जणांत एकटीने मिळवलेली जागा माझ्या तिसऱ्या हशावर गेली होती.

दोन दिवसांनी मी एसटीत बसले. खांब गावाजवळ रस्त्याचं काम नेहमीसारखं चालू होतं आणि गाडी अर्धा तास उभी राहिली. त्या अर्ध्या तासात मी माफीचं भाषण तीनदा तयार केलं. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी त्यात कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा तेही ठरवते आहे. मग मी ते सोडून दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

वरशाला पोचले तेव्हा भाची बाळाला लस द्यायला गेली होती. सासूबाई ओटीवर भिजवलेले वाल सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘या,’ आणि एक पातेलं माझ्यापुढे सरकवलं. ‘बसा. हात चालवा.’

मी वाल सोलायला लागले. मूठभर वाल सोलून झाले. मग मी म्हटलं, ‘विहीणबाई, बारशाला मी जे बोलले ते मी बोलायला नको होतं. ती कळांत होती. तिच्या मनात तसं काही नाही. तिचा राग धरू नका.’

‘तिचा कुठं धरलाय मी राग?’ त्या वालावरून नजर न काढता म्हणाल्या. ‘बाळंतीण काय पण बोलते. मी माझ्या सासूला काय बोलली होती ते तुमाला सांगितलं तर तुमच्या हातातला वाल पडंल. आमच्या खाडीवरच्या बायकांचं तोंड काय, तुमाला म्हायती नाय. पण ज्या सुईणीनं ऐकलं ती मरेस्तोवर कुणाला बोलली नाय.’

‘मग कंबर?’

‘कंबर हाय ना. आठ तास बाकावर बसलेली.’

मी पुढचा वाल उचलला.

‘तुमी दारात काय बोललात?’ त्यांनी विचारलं. ‘आतलं आत राहू दे. मला वाटलं, बाई शिकलेली हाय, बरोबर बोलते. पोरीला लाज नको. मी एवढ्या पोरांना हात लावलेली, माझ्या घरातलं पहिलं पोर होतंय आणि मी भिंतीबाहेर. तरी बसली. आतलं आत राहणार म्हणून बसली. मग तुमीच ते माझ्या नणंदेच्या, माझ्या शेजारणींच्या पुढ्यात काढलंत. मला आत बसवली असती तर मी एकटीनं ऐकलं असतं. तुमी बाहेर बसवली आणि तीस जणींबरोबर ऐकवलंत.’

‘तुम्ही हसलात, म्हणून मला वाटलं...’

‘मग काय करू, रडू? नातीच्या बारशाला?’ त्यांनी सालपटं एका बाजूला सारली. ‘अजून नणंद फोन करते तर पयलं तेच वाक्य बोलते आणि मग विचारते, बरी हायस ना. आता पोराला मांडीवर घेतलं का मला ते आठवतं. पोराचा काय गुन्हा नाय. सुनेचा पण नाय. पण हात पुढं जात नाय.’

बोलण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं, आणि ही माझ्या आयुष्यातली फार क्वचित गोष्ट. म्हणून मी वाट्टेल ते बोलले. म्हणाले, ‘मग मी येते बाळाला सांभाळायला. रोज. ती कामावर जाऊ दे.’

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ‘पेणवरून?’

‘पेणवरून.’

‘तुमाला येतं पोर सांभाळता?’

‘एक वाढवलंय.’

‘कधी?’

‘सव्वीस वर्षं झाली.’

‘या,’ त्या म्हणाल्या. ‘बगू.’

भाची कामावर रुजू झाली. मी पहाटे उठून पहिली गाडी धरायची आणि ती निघायच्या आत वरशाला हजर व्हायची. आता खरं सांगायचं तर मी नाळ कापेपर्यंतची बाई. त्याच्या पुढचं मी सगळं विसरले होते. दुपटं बांधलं की सुटायचं. झोपवायला गेले की बाळ जागं व्हायचं आणि खेळवायला गेले की झोपायचं. वरणाचं पाणी भरवलं त्यातलं निम्मं माझ्या चष्म्यावर. सासूबाई आतल्या खोलीत असायच्या. काही चुकलं की तिथून खोकला यायचा. मी त्या खोकल्यावरून शिकत गेले. एक खोकला म्हणजे मान धर. दोन म्हणजे पंखा बंद कर. पहिल्या दिवशी मी मोजून बावीस खोकले खाल्ले.

चौथ्या दिवशी आंघोळ. भाचीला सकाळी लवकर बोलावलं होतं म्हणून ते माझ्यावर आलं. मी पाय पसरून बसले, बाळाला पायांवर पालथं घेतलं, आणि तेल लावलेलं ते अंग माझ्या पायांवरून मासोळीसारखं निसटायला लागलं. मी एका हाताने बाळ धरलं, दुसऱ्याने तांब्या, आणि तांब्या बाळाच्या नाही तर माझ्याच अंगावर ओतला. आतून खोकला आला नाही. सासूबाईच आल्या.

‘उठा,’ त्या म्हणाल्या. ‘द्या इकडं. पोरीला मारताय काय.’

साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्या बसल्या, बाळ त्यांच्या पायांवर गेलं आणि रडणं थांबलं. त्यांनी पाण्यात कोपर बुडवून बघितलं, गार पाण्याचं विसाण घातलं, आणि पहिला तांब्या बाळाच्या पाठीवर हलकेच सोडला. कमरेचं काही बोलल्या नाहीत. मी भिजलेल्या साडीने उभी होते. ‘टॉवेल आणा,’ म्हणाल्या. मी आणला. दुसऱ्या दिवशी गेले तर बाळ त्यांच्या कडेवर होतं आणि दारातच मला म्हणाल्या, ‘चहा घ्या आणि जा. रोज एवढं लांबून कशाला येता.’ मला माफ केलं की नुसतं घालवून दिलं, हे मला अजून कळलेलं नाही. चहा मात्र साखर घालून दिला होता.

भाचीची नोकरी टिकली. आता दीड वर्ष होईल. मी तिला फोन करते. ‘कशी आहेस?’ ‘छान.’ ‘सासूबाई?’ ‘बऱ्या आहेत.’ ‘कामावर?’ ‘चाललंय.’ ही मुलगी दहावीत नापास होणार अशी भीती वाटली तेव्हा आईच्या आधी माझ्याजवळ आली होती. जावई आवडला तेव्हा पहिला फोटो मला पाठवला होता. आता ती मला तेच सांगते जे ती आत्याबाईंना सांगते. त्यात तिखट काही नसतं. मी त्यावर भांडूही शकत नाही, कारण ते अगदी गोड असतं.

गेल्या महिन्यात तिने आपणहून फोन केला. मी एवढी खूश झाले की पहिलं वाक्य नीट ऐकलंच नाही.

‘माझ्या कंपनीतली एक मैत्रीण,’ ती म्हणाली. ‘नववा चालू आहे, माहेर पेणचं. तिला तुझा नंबर दिलाय. म्हटलं, कंबर दाबायला मावशीसारखं कुणी नाही. तू होतीस म्हणून मी निभावले, हे पण सांगितलं.’

‘बरं केलंस गं.’

‘आणि तुझ्यासमोर काय बोलायचं नाही तेही सांगितलं.’ हे तिने रागाने म्हटलं नाही. दवाखान्यात पार्किंग कुठे आहे ते सांगावं तसं म्हटलं. ‘सांगायला हवं ना, मावशी. ती माझ्या भरवशावर तुला घेतेय.’

मी म्हटलं, हो, सांगायलाच हवं.

त्या मुलीच्या कळा सकाळी सुरू झाल्या आणि दुपारी ती त्या कठीण तासात आली. नवरा जहाजावर, त्यामुळे आत मी एकटी. सगळं मी नेहमीसारखं केलं. कंबर दाबली, पाणी दिलं, ओढणीने झुलवलं. ती फार शहाण्यासारखी वागत होती. कळ आली की खालचा ओठ दातांत धरायची आणि नाकाने श्वास घ्यायची. मी म्हटलं, ओठ सोड, आवाज कर. तिने आवाज केला, पण नुसता आवाज, त्यात शब्द नव्हता. शब्द आत होते. पाच वर्षं बायकांच्या पाठीवर हात ठेवलेत, कुठे काय अडकून बसलंय ते तळव्याला कळतं. तिच्या खांद्यांत, मानेत, जबड्यात सगळं गच्च होतं.

‘बोल गं,’ मी म्हटलं. ‘जे मनात येईल ते बोल. इथे कुणी नाही.’

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. घामाने केस कपाळाला चिकटले होते. त्या अवस्थेतही तिला आठवत होतं.

‘काही नाही, मावशी,’ ती म्हणाली, आणि परत ओठ दातांत धरला.

व्हायला हवं होतं त्यापेक्षा दोन तास तरी जास्त लागले. डॉक्टरबाई म्हणतील, पहिलटकरणीला लागतात. लागतातच. मुलगा झाला, दोघं सुखरूप. मुलीने माझा हात धरून थँक्यू म्हटलं. तिच्या खालच्या ओठावर दातांच्या खुणा होत्या, एका जागी थोडं रक्त आलं होतं. मी ओला कापूस लावला.

बाहेर तिची आई आणि सासू एकाच बाकावर बसल्या होत्या. दोघी उठल्या. बाळ बघून झालं, डोळे पुसून झाले. मग तिच्या आईने मला जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, आई विचारते तसं, ‘फार त्रास झाला का हो तिला? काय बोलली का आत?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘काही बोलली नाही.’

आणि ते खरं होतं.